मूळ म्हणजे कधीचे?

‘ही अब्बांची सायकल नाही,’ असे आपा म्हणाल्या तेव्हा आम्हाला आधी हसू आले. सायकल त्यांच्यासमोर अंगणात उभी होती. काळा रंग इतका चकचकीत की त्यात लिंबाची फांदी दिसत होती. आपा इचलकरंजीहून सकाळच्या एस. टी.ने आल्या होत्या आणि आम्ही त्यांना चहाच्या आधी, पाण्याच्याही आधी, अंगणात नेले होते. चार महिन्यांची मेहनत आणि साडेतेरा हजार रुपयांचा खर्च त्यांना दाखवायचा होता. त्या सायकलीभोवती एक फेरी फिरल्या, हँडलला हात लावला, पुढच्या दांडीवरून बोटे फिरवली, दांडीच्या मधोमध येऊन थांबल्या, आणि हे वाक्य बोलून आत निघून गेल्या.

आम्ही त्यांच्या मागे स्वयंपाकघरापर्यंत गेलो. ‘आपा, फ्रेम तीच आहे. हवं तर नंबर बघा.’

‘नंबर तू बघ,’ त्या म्हणाल्या आणि अम्मीच्या हातातली कणीक मळायला घेतली.

एवढ्यावर तो विषय संपायला हवा होता. पण आम्ही पडलो शाळामास्तर. कुणी चूक दाखवली की ती चूक नाही हे सिद्ध केल्याशिवाय झोप येत नाही. सिद्ध करता करता भलतेच काही हाती लागले, ते इथे मांडतो आहोत.

सायकल रॅलेची, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला बनलेली. मागच्या चाकाच्या हबवर स्टर्मी-आर्चरच्या नावाबरोबर एडब्ल्यू ही अक्षरे आणि ५४ हा आकडा ठोकलेला आहे, म्हणजे हब १९५४ सालचा. अठ्ठावीस इंची चाके, तारेऐवजी सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक, चेनवर पूर्ण झाकण, हबच्या पोटात तीन गिअर, आणि पायडलच्या चकतीत कोरलेली बगळ्यांची डोकी. बगळा ही रॅलेची खूण. या जातीला इंग्रजीत टुरिस्ट रोडस्टर म्हणत; लांबच्या प्रवासाची, सामान घेऊन जाण्याची, खराब रस्त्याला न भिणारी पोलादी सायकल. मिरजेच्या मिशन दवाखान्यातल्या एका परदेशी माणसाने मायदेशी परतताना ती विकली, मग ती दोन हातांतून फिरली आणि १९७९ मध्ये अब्बांनी तीनशे रुपयांना घेतली, असे घरात सांगतात.

अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकान नव्हते, दुकान म्हणजे ही सायकल. सांगलीहून निघून तासगाव, कवठेमहांकाळ, कधी जतपर्यंत. गावागावातल्या शिंप्यांच्या आणि बायाबापड्यांच्या मशीन जागेवर नीट करून द्यायच्या. दोन-तीन दिवसांची फेरी असायची. रात्री कुठल्या तरी मशिदीत किंवा ओळखीच्या शिंप्याच्या ओट्यावर मुक्काम. त्यासाठी त्यांनी सायकल आपल्या सोयीने बदलून घेतली होती. मागे कॅरियरच्या जागी लोखंडी पट्ट्यांची चौकट वेल्डिंगने बसवली होती, तिच्यात हत्यारांची पेटी गच्च बसे. एका बाजूला पाण्याच्या बाटलीसाठी कडे. ब्रेकची एक सळी तुटली तेव्हा गल्लीतल्या लोहाराकडून घडवून घेतली. नळीला दोनदा रंग लावला, दुसऱ्या वेळी घराच्या दाराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट. (त्या हिरव्यात मजहबी काही नव्हते. डबा उरला होता, एवढेच.) आणि पुढच्या दांडीवर, हँडलच्या मागे, वीतभर लाकडी फळीची एक छोटी सीट. दोन लोखंडी पाय दांडीला वेल्डिंग केलेले, खाली पाय ठेवायला आडवी सळी. ती आपांसाठी. आपा चार वर्षांच्या असताना बसवलेली. पुढे आम्ही जन्मलो आणि आम्हीही त्याच फळीवर वाढलो. पण आमची त्या सीटची आठवण धूसर आहे. आपांची तशी नाही.

अब्बा २०१४ मध्ये गेले. त्याआधी चार-पाच वर्षे सायकल भिंतीला टेकूनच होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर आला. आमच्या मोहल्ल्यात पाणी शिरले तेव्हा आम्ही अम्मीला, गादी-भांडी, पुस्तके आणि शाळेचे दप्तर बाहेर काढले. सायकल राहिली. पाणी ओसरल्यावर ती गाळात आडवी सापडली. भंगारवाला त्या आठवड्यात रोज गल्लीत येत होता. त्याला दिली नाही, पण धुतलीही नाही. मागच्या खोलीत ढकलली. हे सांगायला लाज वाटते, कारण पुढे आम्हीच तिचे सर्वांत मोठे आशिक म्हणून मिरवणार होतो.

२०२३ च्या उन्हाळी सुट्टीत आमच्या डोक्यात बसले की सायकल पुन्हा उभी करायची. मिरजेला एक म्हातारे मिस्त्री आहेत. अब्बांच्या ओळखीचे, इंग्रजी सायकली जाणणारे. आम्ही टेम्पोतून सायकल त्यांच्यासमोर नेऊन ठेवली आणि मोठ्या उत्साहाने सांगितले, ‘चाचा, एकदम मूळ पाहिजे.’

चाचांनी सायकल उलटी केली, पायडल फिरवले, आतल्या गाळाचा करकर आवाज ऐकला आणि विचारले, ‘मूळ म्हणजे कधीचं, सर?’

आम्हाला वाटले, म्हाताऱ्याला प्रश्न समजला नाही. आम्ही मोबाइलवर रॅलेच्या जुन्या जाहिरातीचे चित्र काढून दाखवले. ‘असं.’ ते बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग सीटच्या वेल्डिंगवर नख मारून म्हणाले, ‘हेपण काढायचं?’ आम्ही हो म्हणालो. इतक्या सहज, की त्या क्षणी ऊन होते की सावली, तेही आज आठवत नाही.

पुढचे चार महिने सुखाचे होते, हे खोटे कशाला बोलावे. आम्ही उर्दू शिकवतो. हाताला शाई लागते, ग्रीस कधी लागले नव्हते. पण सुट्टीत रोज आणि नंतर रविवारी आम्ही चाचांच्या दुकानात बसू लागलो. पायडलची कॉटर पिन गंजून एकजीव झाली होती; तिच्यावर नुसता हातोडा मारला तर दणका आतल्या छर्‍यांवर बसतो, म्हणून क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू देऊन मग एकच घाव घालायचा, हे तिथे शिकलो. त्या जागेच्या वाट्या बदलाव्या म्हटले तर बाजारातल्या बसेनात. बहुतेक इंग्रजी सायकलींना तिथे इंचाला २४ आटे, रॅलेने मात्र आपले निराळे २६ ठेवले होते. मग जुन्याच वाट्या रॉकेलमध्ये आठ दिवस बुडवून, घासून परत लावल्या. टायरची मात्र चिंता नव्हती. अठ्ठावीस बाय दीडचे टायर आपल्याकडे अजून मिळतात, कारण आपली साधी काळी सायकल त्याच घराण्यातली.

हब उघडला तो दिवस तर विसरणार नाही. आसावर एक पक्के दातेरी चक्र, त्याच्याभोवती फिरणारी चार छोटी चक्रे, आणि सर्वांना वेढणारे एक मोठे कडे. इंग्रजीत त्यांना सूर्य आणि ग्रह अशीच नावे आहेत. मधला गिअर सरळ, खालचा त्याहून पाव भागाने हलका, वरचा तिसऱ्या हिश्शाने जड. पुराचा गाळ निघाल्यावर आतले दाते जवळजवळ नव्यासारखे. चाचांनी पातळ तेलाचे काही थेंब सोडले आणि म्हणाले, ‘तुझ्या अब्बांनी तेल कधी चुकवलं नाही.’ दात्यांवर एका माणसाचा स्वभाव वाचता येतो, हे आम्हाला बी. एड.ला कुणी शिकवले नव्हते.

आणि त्याच आठवड्यात ग्राइंडर लावून सीटचे पाय कापले. ठिणग्या उडाल्या. मागची चौकट, पाण्याचे कडे, लोहाराने घडवलेली सळी, सगळे निघाले. हिरवा रंग जाळून काढला, त्याखालचा पहिला रंगही त्याच्याबरोबर गेला. भट्टीचा काळा रंग, बारीक सोनेरी रेघा, नवे चामडी सीट. काढलेले लोखंड भंगारात वजनावर गेले. किती पैसे आले ते चाचांनी हिशोबात वजा केले, आम्ही पाहिलेही नाही.

आता आपांच्या वाक्याकडे परत.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आम्ही हा प्रश्न नववीच्या वर्गात टाकला. पाठ्यपुस्तकाबाहेरचे थोडे शिकवायची आम्हाला खोड आहे. ग्रीक इतिहासकार प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट नोंदवली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज आठवण म्हणून जपले. एकेक फळी कुजली की नवी बसवली. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच की दुसरे? सतराव्या शतकात इंग्रज विचारवंत हॉब्जने त्यात आणखी मेख मारली : काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून त्यांचेच एक जहाज पुन्हा जोडले तर? मग थीसियसचे जहाज कोणते?

वर्गाने हॉब्जलाही घाम फोडला असता. एक मुलगा म्हणाला, ‘सर, पावती कोणाच्या नावावर आहे?’ दुसरा म्हणाला, ट्यूबमधली हवा तर रोज बदलते, मग रोज नवी सायकल म्हणायची का? मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, तिने विचारले, ‘सर, जहाज कोणी विसरलं तर?’ तेव्हा घंटा झाली. नाहीतर तिला काय उत्तर दिले असते, ठाऊक नाही.

त्या गोष्टीने आमची बाजू मात्र भक्कम झाली, असे आम्हाला वाटले. भाग बदलले म्हणून वस्तू बदलत नाही. मुंबईचे तीन पारशी तरुण, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, १९२३ मध्ये सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर फिरून परत आले. एवढ्या वाटेवर किती टायर फाटले असतील, किती छर्रे झिजले असतील. त्यांना कुणी विचारले नाही की परत आलेली सायकल तीच का. आणि लांब कशाला, आमच्या मिरजेत सतारी आणि तानपुरे बनवणारी घराणी आहेत. त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे पन्नास-साठ वर्षांचा तानपुरा दुरुस्तीला येतो. तारा नव्या, खुंट्या नव्या, भोपळ्याला गेलेली चीर सांधलेली. जवारी तर घासून घासून गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे लावून घेतात. आजोबांचा तानपुरा नातीच्या सुराला जुळवला म्हणून तो आजोबांचा राहिला नाही, असे कुणी म्हणत नाही.

हे सगळे आम्ही आपांना फोनवर सांगितले. थीसियस, हॉब्ज, तानपुरा. त्यांनी शांतपणे ऐकले. म्हणाल्या, ‘तानपुऱ्यात आजोबांनी काही जोडलं असतं, तर ते तोडून टाकतात का?’

इथे आमचे वकीलपत्र संपले.

कारण आम्ही झिजलेले बदलले, त्याबद्दल आपांची तक्रारच नव्हती. टायर, छर्रे, चेन, हे त्यांना दिसलेही नव्हते. आम्ही न झिजलेले काढले होते. फळी मजबूत होती, वेल्डिंग मजबूत होते, पुरात पडूनही हलले नव्हते. ते काढले, कारण ते नॉटिंगहॅमच्या जाहिरातीत नव्हते. म्हणजे ज्याने सायकल बनवली त्याला आम्ही मालक मानले, आणि ज्याने ती पस्तीस वर्षे सांभाळली, चालवली, तिच्यावर घर चालवले, त्याला आम्ही मधला घोळ मानले. आणि ज्यांच्या नावाने हे केले ते तरी कुठे आहेत? स्टर्मी-आर्चरचा नॉटिंगहॅमचा कारखाना २००० साली बंद झाला, नाव आणि यंत्रे तैवानच्या सनरेसने घेतली. रॅलेचे तिथले उत्पादन २००२ मध्ये थांबले. १९५४ ची सायकल हवी असलेला माणूस जगात आम्हीच एक उरलो होतो, आणि तेव्हा तर आमचा जन्मही नव्हता.

जुन्या इमारतींच्या जतनाबाबत १९६४ मध्ये व्हेनिसला एक जाहीरनामा झाला. त्यात दोन गोष्टी आहेत ज्या आम्ही आधी वाचायला हव्या होत्या. एक, इमारतीत वेगवेगळ्या काळांनी घातलेल्या रास्त भरीचा मान राखावा, सगळे एका शैलीचे करून टाकणे हे जतनाचे उद्दिष्ट नाही. दुसरी, जिथे अंदाज सुरू होतो तिथे हात थांबवावा. आमच्या सोनेरी रेघा निव्वळ अंदाजाच्या होत्या. इंग्रज लेखक रस्किन तर याहून कडक. त्याने १८४९ मध्येच लिहून ठेवले की जीर्णोद्धार म्हणजे वस्तूचा पूर्ण नाश. आम्हाला रस्किन पटत नाही. त्याचे ऐकायचे तर सायकल गाळातच राहू द्यायला हवी होती, आणि अब्बांनी गाळातली मशीन कधी गाळात ठेवली नाही. त्यांनी सिंगरच्या अंगात उषाचे भाग घालून कित्येक विधवांच्या मशीन चालत्या ठेवल्या. त्यांना ‘मूळ’ या शब्दाचे कौतुक नव्हते. मशीन शिवते का, एवढेच ते विचारत.

त्यांना त्या शब्दाचे कौतुक नव्हते, आम्हाला होते. आणि ते सायकलीपासून सुरू झालेले नाही, ही या लेखातली सांगायला सर्वांत अवघड गोष्ट.

आमच्या घरात दखनी बोलतात. अब्बा ‘वक़्त’ला ‘वखत’ म्हणत, ‘क़लम’ला ‘खलम’. सांगली-मिरजेत, सोलापूर-विजापुरात सगळे तसेच म्हणतात. बी. एड. करून आम्ही नवे नवे नोकरीला लागलो होतो. शीन-क़ाफ दुरुस्त असल्याचा तोरा होता. एकदा शाळेतले दोन सहकारी घरी आले होते. अब्बा त्यांना जतच्या फेरीतली गोष्ट सांगत होते, आणि आम्ही मध्येच हसत हसत म्हणालो, ‘अब्बा, वखत नाही, वक़्त.’ अब्बांनी ‘हां, वक़्त,’ म्हणून गोष्ट पुढे नेली, पण ती लवकर संपवली. त्यानंतर आमच्याकडे कुणी शिकलेला माणूस आला की ते सलाम करून अंगणात जात, सायकल पुसत बसत. आम्ही त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही. कदाचित लावायचा नव्हता.

दखनी ही बिघडलेली उर्दू आहे, तिच्यावरची भर काढली की खाली अस्सल निघेल, हे आम्ही शाळेत रोज मुलांना न बोलता शिकवतो. आणि दखनीत चारशे-पाचशे वर्षांपूर्वी, उत्तरेत उर्दू शायरीचा बहर यायच्या कितीतरी आधी, दिवाणे लिहिली गेली. गोळकोंड्याच्या मुहंमद कुली कुतुबशहाचे, जो १६१२ मध्ये वारला, तेही त्यातलेच. मग मूळ कोणते आणि भर कोणती? आम्हाला परीक्षेत मुलांना पास करायचे असते, शुद्धलेखन शिकवावेच लागते, त्यात वाईट काही नाही. पण मुलाच्या वहीतला शब्द दुरुस्त करणे निराळे आणि बापाच्या तोंडातला निराळा. ग्राइंडरची ठिणगी आम्ही पहिल्यांदा २०२३ मध्ये पाहिली नव्हती.

दुसरा प्रश्न हक्काचा. सायकल सुधारल्यावर पुण्यातल्या एका शौकिनाने पंचवीस हजार देऊ केले. आम्हाला विकायची नव्हती, पण आकडा ऐकून अम्मी म्हणाल्या, ‘तरक्यात हिचा हिशोब झालाच नव्हता.’ खरे होते. अब्बांच्या मागे घराचे कागद झाले, पोस्टातले पैसे वाटले गेले, सायकल कुणी मोजली नाही. मयताने मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू तरक्यात येते, सुईसुद्धा. आणि अब्बांच्या पेटीत सुया पुष्कळ होत्या. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात आमचे दोन आणि आपांचा एक. चोवीस भाग केले तर अम्मीचे तीन, आपांचे सात, आमचे चौदा. पंचवीस हजारांत आपांचे सात हजार दोनशे एक्क्याण्णव रुपये आणि काही पैसे होतात. वजाबाकीही आम्ही मनात करून पाहिली : गाळातल्या सायकलीची किंमत किती, आमचा खर्च किती, मग वाढलेली किंमत कुणाची? गणित बरोबर येत होते आणि त्याचा उपयोग काहीच नव्हता. ज्या सात भागांवर आपांचा हक्क होता त्यात ती फळी होती की नव्हती? किमतीत ती शून्य होती. उलट ती होती म्हणून शौकिनाने सायकलकडे पाहिलेही नसते. आम्ही चौदा भागांचे धनी होतो, पण ग्राइंडर चालवताना चोवीसच्या चोवीस भागांवर चालवला. विचारायला इचलकरंजीला एक फोन पुरला असता.

तो फोन का केला नाही? आपांनी नको म्हटले असते म्हणून, असे असते तर निदान आम्हाला त्यांच्या हक्काची जाणीव तरी होती असे म्हणता आले असते. खरे कारण हे की त्यांना विचारायचे असते, हेच सुचले नाही. सायकल ही पुरुषांची वस्तू. ती बापाकडून मुलाकडे येते, मुलगी तिच्यावर बसते फक्त. हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते, पण आम्हाला येत होते.

म्हणून आता सायकलीला हात लावायचा नाही, असे आम्ही काही दिवस ठरवले. पुण्याला कर्वेनगरात जुन्या सायकलींचे एक संग्रहालय आहे. तिथे वस्तू आहे तशी राहावी हे बरोबर. पण आम्हाला शाळेला जायचे असते, आठ-नऊ किलोमीटर, आणि सुट्टीच्या दिवशी दंडोबाच्या डोंगराकडे जायची हौस आहे. अब्बांनी सायकल आपल्या कामाप्रमाणे करून घेतली, तर तो अधिकार आम्हालाही असावा. फरक इतकाच की यावेळी आधी फोन केला. मागच्या चक्रीला १८ दाते होते, तिथे २२ दात्यांची बसवली. पुढची चकती ४६ ची. आधी मधल्या गिअरवर पायडलच्या एका फेरीत सायकल साडेपाच मीटरवर जायची, आता साडेचारच्या आसपास; खालच्या गिअरवर साडेतीनला थोडी कमी. चढावर गुडघे दुआ देतात. पुढे बॅटरीचा दिवा लावला, कारण सांगली-मिरज रस्त्यावर अंधार पडल्यावर ट्रकवाल्यांना काळी सायकल दिसत नाही. जुनी १८ दात्यांची चक्री फडक्यात गुंडाळून अब्बांच्या पेटीत ठेवली आहे. जी भर उद्या नटबोल्ट सोडवून काढता येते तिचा गुन्हा हलका, असे आम्ही स्वतःला समजावतो. आपांना चक्रीचे काही वाटले नाही. ‘तुझे गुडघे, तू बघ,’ एवढेच.

मागच्या ईदला आपा नातीला घेऊन आल्या. नात साडेतीन वर्षांची. तिने सायकलच्या दांडीला लोंबकळून विचारले, मी कुठे बसू? घरात कुणी काही बोलले नाही. अम्मी शीरखुर्म्याच्या वाट्या भरत राहिल्या. जेवण झाल्यावर आपा म्हणाल्या, ‘चाचांचं दुकान अजून चालू आहे का?’

ती फळी परत येणार नाही. नवी फळी ही अब्बांनी बसवलेली फळी नव्हे, हॉब्ज आला तरी नव्हे. आम्ही तसे म्हणायला तोंड उघडले होते. पण आपांना ती परत हवी आहे असे त्यांनी कुठे म्हटले होते? त्यांनी दुकान चालू आहे का, एवढेच विचारले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे मिरजेला गेलो. चाचांनी नातीला दांडीवर धरून उंची मोजली, खडूने खूण केली आणि आमच्याकडे वळले. ‘सर, नटबोल्टची पट्टी लावू की वेल्डिंग? वेल्डिंगला तुमचा हा रंग जाळावा लागेल.’

आम्ही म्हणालो, ‘आपांना विचारा.’